वरच्यांची टकटक, खालच्यांची कटकट

आमच्या वेंटवर्थव्हिलला कुंपण म्हणजे सहा फुटी पत्रा. कलरबॉन्ड. त्यावर कोपर टेकता येत नाही, चहाचा कप ठेवता येत नाही, आणि पलीकडचं माणूस दिसायचं तर पायाखाली काहीतरी घ्यावं लागतं. काकूंच्या बाजूला उलटी बादली आहे, माझ्या बाजूला दुधाचं क्रेट. न्यू साउथ वेल्सच्या १९९१ च्या कुंपण-कायद्याप्रमाणे पत्र्याचा खर्च साधारणपणे दोन्ही शेजाऱ्यांनी निम्मा-निम्मा सोसायचा असतो. काकूंनी तो सोसलाय, आणि त्याची वसुली त्या गप्पांतून करतात.

काकू पुण्याच्या. सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक म्हणून उभी हयात गेली, निवृत्त झाल्यावर मुलाकडे आल्या. मुलाने वेस्टमीडला एक फ्लॅट घेऊन भाड्याने दिलाय. त्या इमारतीच्या स्ट्राटा कमिटीवर जायला त्याला वेळ नाही, म्हणून त्याने आईचं नाव दिलं. इमारतीच्या दुर्दैवाने म्हणा की सुदैवाने, आईला वेळच वेळ आहे.

“झाली बाई एकदाची मीटिंग!” परवा पत्र्यावर डोकं उगवलं ते हेच म्हणत. “तीन तास! त्यातला निम्म्याहून जास्त वेळ एका बाईच्या पायांवर.”

“कुणाच्या हो?”

“अगं, ती ठाण्याची वहिनी नाही का? तिसऱ्या मजल्यावरची. गणपतीत मोदकांना सारण कमी पडलं म्हणून रुसली होती ती. तिने कार्पेट काढून लाकडी फ्लोअर घातली. आणि खाली कोण, तर आपली नाशिकची सिस्टर. हॉस्पिटलात रात्रपाळी. ती सकाळी आठला येऊन पडते, आणि वरच्या बाईंचा दिवस बरोबर त्याच वेळी उजाडतो. टाचा आपटत चालते गं ती! वर शनिवारी सकाळी पाच मुलींचा कथकचा क्लास. घुंगरांसकट!”

“अगंबाई!”

“पुढे ऐक. श्रावणात मंगळागौर केली. बारा बायका, फुगड्या, झिम्मा, आणि ते सूपबीप नाचवणं. सिस्टरला बोलावलं होतं बरं का, पण तिची ड्यूटी होती. ती घरी आली तेव्हा वर पिंगा चाललेला. म्हणाली, काकू, मला वाटलं सीलिंग उतरतंय.”

मी हसले, पण हसताना जरा चपापलेही, कारण आमच्या वरच्या मजल्यावरचं कार्पेट काढायचं आमच्याही घरात घाटत होतं. काकूंना हे ठाऊक होतं. त्यांना सगळंच ठाऊक असतं.

“तिने कार्पेट काढलं कशाला पण?”

“कारण खोटं नाही हं तिचं. धाकट्याला दमा आहे. या देशात साधारण दर नऊ माणसांत एकाला दमा निघतो. डॉक्टर म्हणाले, धुळीतले किडे कार्पेटात राहतात. शिवाय आपली हळद. वरणाचा एक थेंब सांडला की तो डाग घर विकेपर्यंत तिथेच. म्हणून तिने स्पॉटेड गम घातलं. दिसतं सुरेख, खोटं का बोलू? आणि दणकट किती! लाकडाचा कठीणपणा मोजतात ना, त्यात स्पॉटेड गम अकरा, जॅरा साडेआठ, आणि टास्मानियन ओक साडेपाच. पाटा पडला तर पाटाच फुटेल.”

“मग कठीण लाकडाचा आवाज जास्त म्हणायचा.”

“टाच जितक्या कठीण गोष्टीवर पडते तितका कडक टक् होतो, एवढं खरं. पण मुख्य दोष त्या लाकडाचा नाही. कार्पेट जे काम गुपचूप करत होतं, ते काम करायला आता कुणी उरलं नाही, हा दोष.”

आणि मग काकूंनी बादलीवर पाय नीट रोवले. त्यांनी असे पाय रोवले की मी गॅस बंद करून येते.

आवाज दोन जातींचे, हे त्यांनी मला बोटांवर सांगितलं. एक हवेतला: टीव्ही, भांडण, कुकरची शिट्टी. तो अडवायला वजन लागतं, आणि काँक्रीटचा स्लॅब मुळातच वजनदार, त्यामुळे तो बऱ्यापैकी अडतो. दुसरा आघाताचा: टाच, खुर्ची, पडलेला डाव, मुलाचा चेंडू. यात स्लॅबलाच थेट मार बसतो, स्लॅब थरथरतो आणि खालच्या खोलीचं छत बोलायला लागतं. त्याला अडवायचा खरा उपाय एकच, तो म्हणजे मार स्लॅबपर्यंत पोचूच न देणं. खलबत्त्याखाली आपण गोणपाट घालतो ना, तेच. कार्पेट आणि त्याखालचा स्पंज हे सगळ्या घरभर अंथरलेलं गोणपाट होतं.

“आकडे सांगते,” काकू म्हणाल्या. आकडे सांगताना त्यांचा आवाज एकदम खात्यातला होतो. “हा आघाताचा आवाज मोजायचं एक यंत्र असतं. अर्धा-अर्धा किलोचे पाच पोलादी हातोडे, चार सेंटीमीटरवरून पडतात, सेकंदाला दहा ठोके. वर ते ठोकत राहतं आणि खालच्या खोलीत मायक्रोफोन लावून मोजतात. जो आकडा येतो तो जितका कमी तितकं बरं. उघड्या पातळ स्लॅबचा आकडा सत्तरच्या वर जातो. त्यावर चांगलं कार्पेट घातलं की साधारण चाळीसच्या आसपास उतरतो. दहाने उतरला की कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. आता तूच हिशेब कर, कार्पेट काढलं म्हणजे काय काढलं.”

“पण सरकारचा काही नियम असेल ना?”

“आहे की. इथल्या नॅशनल कन्स्ट्रक्शन कोडमध्ये फ्लॅटवाल्या इमारतींच्या मजल्यांना ६२ ही मर्यादा आहे. पण मजल्यांच्या आघाताला ही मर्यादा आली २००४ मध्ये. वेस्टमीडची आमची इमारत लाल विटांची, तीन मजली, बिनलिफ्टची, सत्तरच्या दशकातली. तेव्हा असला आकडा कुणी विचारतच नव्हतं. घरोघर कार्पेट असायचं, काम भागायचं. आणि ६२ म्हणजे काही सुख नव्हे गं. ६२ म्हणजे कायद्याने पास, एवढंच. इथल्या ध्वनी-सल्लागारांची संघटना आहे, त्यांनी तारे ठरवलेत. आकडा ५५ ला आला तर तीन तारे, ५० ला चार, ४५ ला पाच, ४० ला सहा. बऱ्याच स्ट्राटा कमिट्या आता पाच ताऱ्यांखाली ऐकून घेत नाहीत.”

इथे मला एक आठवलं ते मी सांगून टाकलं, नाहीतर काकूच बोलत राहिल्या असत्या. याच सिडनीत १८८० च्या दशकापासून रस्त्यांवर लाकडी ठोकळ्यांची फरसबंदी होत होती, ऑस्ट्रेलियन कठीण लाकडाची. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं जॅरा तर जहाजांनी लंडनला जायचं, तिथल्या रस्त्यांवर बसवायला. त्याचं एक मोठं कारण म्हणजे घोड्यांच्या टापा आणि लोखंडी धावा दगडापेक्षा लाकडावर कमी वाजत. म्हणजे ज्या लाकडाला जगाने शांततेसाठी नेलं, त्याच लाकडावरून वेस्टमीडला आज मारामाऱ्या!

“दगडापेक्षा कमी,” काकू शांतपणे म्हणाल्या. “कार्पेटापेक्षा नव्हे.”

मग आल्या अंडरलेवर. ठाण्याच्या वहिनीने अंडरले घातलाच नव्हता असं मुळीच नाही, आणि भांडणाची खरी गंमत तिथेच होती. दुकानदाराने तिला पाच मिलिमीटर जाडीचा, जुन्या टायरांच्या चुऱ्याचा रबरी अंडरले दिला होता. माहितीपत्रकावर पाच तारे छापलेले. आधीच्या एका मीटिंगमध्ये वहिनीने ते पत्रक टेबलावर आपटलं म्हणे. “मी पाच तारे विकत घेतलेत, आता ह्यांना झोप लागत नसेल तर मी काय करू?”

“मग? बरोबरच आहे तिचं.”

“कसं बरोबर? ते पाच तारे अंडरलेला नसतात गं. ते त्या अख्ख्या मजल्याला असतात, ज्यावर कंपनीने चाचणी घेतली. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: इतक्या इतक्या जाडीचा स्लॅब, खाली पोकळी सोडून टांगलेलं जिप्समचं सीलिंग. आमच्याकडे स्लॅब पातळ आणि टांगलेलं सीलिंगच नाही, स्लॅबच्या पोटालाच गिलावा. मग ते तारे आमच्याकडे कुठून उतरणार? मी भर मीटिंगमध्ये ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली.” काकूंच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. “आणि बाहेरून मागवलेल्या मालावर अमेरिकन आकडे असतात, ते उलटे. त्यांच्यात आकडा जास्त तितकं चांगलं. साठ बघून लोक खूष होतात, आणि कुठला साठ ते विचारत नाहीत.”

एवढ्यात मागच्या कुंपणावरून लेबनीज अंकलनी हात केला. आमच्या दोघींच्या मागच्या बाजूला त्यांचं घर. आयुष्यभर सिडनीभर फ्लोअर घातल्या, आता लिंबं आणि द्राक्षवेल सांभाळतात. त्यांच्याशी काकूंचं फार जमतं. एकीचं इंग्रजी पुण्याचं, दुसऱ्याचं त्रिपोलीचं, पण विषय बांधकामाचा असला की दोघांना दुभाषा लागत नाही. काकूंनीच त्यांना वेस्टमीडला नेलं होतं, वहिनीची फ्लोअर दाखवायला. कमिटीतर्फे नव्हे, आपली अशीच, जाता जाता.

अंकल म्हणाले ते थोडक्यात असं. त्यांनी गुडघ्यावर बसून कड बघितली. फळ्या भिंतीला घट्ट भिडवलेल्या. लाकूड पावसाळी हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं, म्हणून भिंतीपाशी दहाएक मिलिमीटरची फट सोडायची असते. तीच फट आवाजासाठीही लागते. तिथे फोमची पट्टी किंवा लवचिक सीलंट भरायचं, आणि स्कर्टिंग फळ्यांवर दाबून बसवायचं नाही. इथे फट नव्हतीच, आणि वर कडेला क्वाडची पट्टी लावून तिचे खिळे फळ्यांतून आरपार मारलेले. अंडरले मधोमध पसरलेला, आणि चारी कडांना फळी, खिळा, भिंत, स्लॅब असा आवाजाला सरळ रस्ता. शिवाय स्वयंपाकघरातला ओटा, तो मधला सुटा, आयलंड म्हणतात तो, तरंगत्या फ्लोअरच्या वर आणून स्क्रूने स्लॅबला आवळलेला.

“एक खिळा पुरतो, मादाम,” अंकल म्हणाले. काकूंना ते नेहमी मादाम म्हणतात. काकूंना ते आवडतं.

मी विचारलं, “मग पाचऐवजी दहा मिलिमीटरचा घातला असता तर? किंवा दोन थर?”

अंकलनी असा चेहरा केला की जणू मी त्यांच्या वेलीवर मीठ टाकलं. तरंगती फ्लोअर म्हणजे खाचेत खाच अडकवलेल्या फळ्या, खाली चिकटवलेल्या नव्हेत. त्याखाली फार मऊ, फार जाड फोम घातला की पाय पडेल तिथे फळी खचते, सांधे हलतात, करकरायला लागतात, आणि वर्षा-दोन वर्षांत खाचा तुटतात. शिवाय वरच्याच खोलीत पोकळ, डब्यासारखा आवाज येतो. त्यापेक्षा रबर किंवा कॉर्क, जाडीने कमी पण अंगाने भरीव. ज्यांना पोकळ आवाज नको ते अंडरले स्लॅबला चिकटवतात आणि फळी अंडरलेला. त्यात मजुरी जास्त, आणि उद्या काढायची वेळ आली तर रडायची पाळी. जुन्या फ्लॅटात आणखी एक जपायचं, हे अंकलनी बोट नाचवून सांगितलं. कार्पेटाखाली कधी कधी जुन्या विनाइलच्या फरशा निघतात, त्यांत आणि त्यांच्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतं. या देशात ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती २००३ संपताना. तेव्हा असलं काही दिसलं की घासायचं नाही, तासायचं नाही, आधी तपासून घ्यायचं.

“आणि धपधप?” काकूंनी त्यांना विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण मला ऐकवायचं होतं.

अंकलनी नुसते खांदे उडवले.

ते गेल्यावर काकूंनी उलगडून सांगितलं, आणि सगळ्या भानगडीतला हा भाग मला सर्वांत पटला. अंडरले मारतो ती टकटक. टाचेचा टक्, लाटणं पडल्याचा ठण्, खुर्चीचा खर्र, कुत्र्याची नखं. हे सगळे वरच्या पट्टीतले आवाज. पण अनवाणी, टाचेवर वजन टाकून चालणाऱ्या माणसाची धपधप, किंवा पोराची उडी, ही खालच्या पट्टीतली. पाच मिलिमीटरच्या रबराला तिची दखलही नसते. त्यातून मोजणीच्या त्या आकड्यात शंभर हर्ट्झच्या खालचं धरतच नाहीत, आणि धपधपीतलं बरंचसं तिथेच असतं. म्हणून कागदावर पाच तारे आणि डोक्यावर हत्ती, असं होऊ शकतं. जपानी लोकांना हे फार आधीपासून टोचत होतं. त्यांनी हातोड्यांऐवजी अडीच किलोचा रबरी चेंडू एक मीटरवरून टाकून मोजायची रीत आणली, ती आता आंतरराष्ट्रीय मानकातही आहे. पोराच्या उडीला तो चेंडू जास्त जवळचा.

“धपधपीला वजन लागतं गं, वजन,” काकू म्हणाल्या. “आमच्या पुण्याच्या वाड्यात काय होतं? कडीपाट. खाली सागाच्या कड्या, त्यावर पाट, आणि पाटांवर चांगला वीतभर मातीचा थर, वर शेणाने सारवण. ती माती कशाला, लोक म्हणतात गारव्याला. गारव्याला तर होतीच. पण माजघरावर पोरं हुंदडायची आणि खाली आजोबा वामकुक्षी करायचे, ते त्या मातीच्या जिवावर. नंतर लोकांनी माती काढली, भार कमी करायला, आणि वर नुसती फळी नाहीतर पातळ कोबा ठेवला. तेव्हापासून वाड्यात भांडणं वाढली.”

शेवटचं विधान काकूंचं स्वतःचं आहे, खात्याचं नाही. वाड्यातल्या भांडणांना माती काढायची गरज होती असं मला वाटत नाही.

मग गाडी आमच्या घरावर आली. आमचं दुमजली घर म्हणजे लाकडी तुळया आणि त्यांवर यलोटंग. भुसा दाबून केलेले १९ मिलिमीटरचे तक्ते, कडेला पिवळी जीभ असते म्हणून यलोटंग. जीभ लाल असेल तर तक्ता २२ मिलिमीटरचा, निळी असेल तर २५ चा. फ्लॅटचा स्लॅब निदान जड तरी असतो, आमच्याकडे तोही नाही. आणि आपल्याच घरातल्या वर-खाली आवाजाला कोडची मर्यादा लागू होत नाही, कारण खालीही आपणच आणि वरही आपणच. काकूंनी सल्ला दिला तो असा: कार्पेट उचललं की आधी प्रत्येक तक्ता तुळईला स्क्रूने आवळून घे, म्हणजे करकर जाईल, कारण करकर ही तक्ता आणि तुळई यांच्यातली असते, तिला अंडरले काहीच करत नाही. मग रबर. आणि पैसे उरले तर ते वर घालू नकोस, खाली घाल. खालच्या खोलीचं सीलिंग उतरवून तुळयांच्या मध्ये जाड बॅट्स भरायच्या, नवं सीलिंग थेट तुळईला न ठोकता रबरी क्लिपांवर टांगायचं, जिप्समचे दोन थर. धपधपीला मारतं ते हे.

“त्यापेक्षा कार्पेटच राहू दे की,” मी म्हणाले.

“मी तेच म्हणत होते, पण तुझ्या तोंडून यायला हवं होतं.”

“ते राहू द्या. वहिनीचं काय झालं ते सांगा ना.”

काय होणार? तिची बाजू मुळातच लंगडी होती, कारण तिने कुणाला विचारलंच नव्हतं. न्यू साउथ वेल्सच्या २०१५ च्या स्ट्राटा कायद्यात कलम १०९ मध्ये किरकोळ सजावटीची कामं येतात: खिळा ठोकणं, रंग देणं, पडदे लावणं, आणि कार्पेट घालणं. त्यांना परवानगी लागत नाही. लाकडी किंवा कुठलीही कडक फ्लोअर घालणं येतं कलम ११० मध्ये, आणि त्याला मालकांच्या सभेची मंजुरी लागते. काही इमारतींत सभेने हा अधिकार कमिटीकडे दिलेला असतो. सभेला वाजवी अटी घालता येतात, पण उगाच अडवून धरता येत नाही. वहिनीने जानेवारीत, सगळे सुटीवर असताना काम उरकलं. विचारलं असतं तर मंजुरी मिळाली असती, आणि अटींमध्येच कडेची फोमची पट्टी आली असती.

सिस्टरने आधी वर जाऊन गोड बोलून पाहिलं. वहिनी म्हणाली, आम्ही काय हवेत चालायचं का? मग कमिटीने नोटीस काढली. इमारतीच्या नियमांत बहुतेक ठिकाणी असतो तसा नियम होताच: खालच्याच्या शांततेला बाधा येणार नाही इतपत फ्लोअर झाकलेली हवी. यातून फक्त स्वयंपाकघर, धुण्याची खोली, न्हाणीघर आणि संडास वगळलेले. नोटीस देऊनही ऐकलं नाही तर प्रकरण ट्रायब्युनलकडे जातं आणि ११०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पण तिथवर जाण्याऐवजी दोघी फेअर ट्रेडिंगच्या मध्यस्थीला गेल्या, ती फुकट असते. तिथे दोघी समोरासमोर बसल्या, आणि अर्ध्या तासात कळलं की सिस्टरची मावशी वहिनीच्या आईची शाळेतली मैत्रीण! सिडनीत असं हटकून निघतं, फक्त ते भांडणानंतर निघतं.

“मग मिटलं?”

“मिटलं म्हणजे काय, क्वाडचे खिळे काढले, फळ्यांच्या कडा कापून फट मोकळी केली, अंकलनी स्वतः उभं राहून करवून घेतलं. ओट्याचे स्क्रू सोडवून त्याच्याखालची फ्लोअर कापून वेगळी केली. हॉलमध्ये आणि पॅसेजमध्ये जाड सतरंज्या, खाली रबराच्या जाळीसकट. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या टिकल्या, त्या तर बनिंग्जमध्ये चार पैशांत मिळतात, आणि लोक त्या सोडून बाकी सगळ्यावर हजारो डॉलर घालतात. कथकचा क्लास गेला कम्युनिटी हॉलमध्ये. वहिनी घरात मऊ चपला घालते. पुन्हा मोजणी केली, टकटक पुष्कळ उतरली.”

“आणि धपधप?”

“ती आहे. ती राहणार. सिस्टर म्हणते, आता निदान कळतं तरी की मुद्दाम करत नाहीत.” काकू बादलीवरून उतरता उतरता थांबल्या. “मी मात्र कमिटीत लिहून घेतलंय. यापुढे कुणी फ्लोअर घातली तर पत्रक चालणार नाही. काम झाल्यावर ह्याच इमारतीत, खालच्याच खोलीत मोजून आकडा आणायचा. तेवढं झालं की बाई मोकळी, हवं तितकं नाचू दे.”

मला हे पूर्ण पटलं. दुकानातल्या ताऱ्यांपेक्षा खालच्या बेडरूममध्ये मोजलेला एक आकडा लाख पटीने खरा. आणि तो परवडत नसेल तर निदान खालच्यांचं दार वाजवून एक चहा तरी प्यावा, आणि तिथे बसून आपल्याच घरातल्या कुणालातरी वर चालायला सांगावं.

या दिवाळीपर्यंत ज्यांना फ्लोअर बदलायची आहे, आणि जे फ्लॅटात राहतात, त्यांनी अर्ज आत्ताच करावा. अर्जात चार गोष्टी लागतात: काम काय आणि त्याचे नकाशे, किती दिवस आणि कोणत्या वेळी चालणार, कोण करणार आणि त्याची पात्रता काय, आणि निघालेल्या कचऱ्याची व्यवस्था. पाचवी कायद्यात नाही, पण काकूंच्या कमिटीत लागते: खाली कोण राहतं आणि ते कधी झोपतं.